मोत माऊलीची जत्रा: जाणकारांनो, नेमकं सांगा

वांद्र्याच्या मोत माऊलीला, म्हणजे टेकडीवरच्या मारियामातेच्या माउंट मेरी चर्चला, जत्रेत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा धागा. प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याच्या गावाचं नाव आहे. वातावरण छान असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे; कधी जायचं, काय न्यायचं, फसगत कुठे होते तेवढं लिहा.

वांद्रे
घोळ तारखेपासून सुरू होतो. मारियामातेचा जन्मदिन ८ सप्टेंबर, पण त्या दिवशी रविवार नसेल तर जत्रा सुरू होते ती त्यानंतरच्या रविवारी आणि चालते पुढच्या रविवारपर्यंत. २०२४ला ८ तारीखच रविवारी आली, म्हणून ८ ते १५. २०२५ला ८ला सोमवार, तर जत्रा १४ ते २१. नुसती तारीख बघून आलेल्याला चर्च उघडं मिळतं, फुगेवाला मात्र नाही. सणाआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, असते. शांत दर्शन हवं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारची सकाळ धरा. दोन्ही रविवार टाळलेले बरे.

सांताक्रूझ
गाडी आणूच नका. जत्रेच्या दिवसांत टेकडीवरची वाहतूक वळवतात. वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेकडून बेस्टच्या जादा बस सुटतात. चालायचं तर हिल रोडने सेंट अँड्र्यूज चर्चपर्यंत सपाट रस्ता, मग चढ. सप्टेंबरचा पाऊस बेभरवशाचा. छत्रीची काडी रांगेत शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते, रेनकोट घ्या. २०२४सारखे गणपती त्याच आठवड्यात आले तर परतीला तासभर जास्तीचा धरा.

वसई
मेणाच्या वस्तूंबद्दल कुणी नीट सांगत नाही. हात, पाय, बाळ, घर, हल्ली विमानसुद्धा: ज्याचा नवस त्याचा आकार. या वस्तू पेटवायच्या नसतात, अर्पण करायच्या असतात. पेटवायच्या त्या साध्या मेणबत्त्या, आणि त्याही बाहेर, ठरलेल्या जागी. मेणाचा पाय मोडतो तो घोट्याशी, हात मनगटाशी, कारण साचा तिथेच अरुंद असतो. घेताना उजेडाकडे धरून त्या जागी बारीक चीर दिसते का बघा. पिशवीत उभा ठेवू नका. फुलांच्या पुडीवर आडवा ठेवा आणि वर पाण्याची बाटली नको. बंद गाडीत उन्हात राहिला तर वाकतो. मोडलाच, तर ‘नवस फुकट गेला’ असं विक्रेता म्हणेल. त्याला दुसरा विकायचा असतो. तुकडे एकत्र ठेवून तसेच वाहा.
मेणबत्ती वाऱ्याने विझते, समुद्र जवळच आहे. बूड आधी ज्योतीवर मऊ करून घट्ट टेकवा, मगच वात पेटवा. उलटं केलंत तर पडते, शेजारच्याही दोन पाडते.

गिरगाव
‘मोत’चा मृत्यूशी किंवा मोत्याशी संबंध नाही. पोर्तुगीजांचा ‘मोंत’ म्हणजे डोंगर, त्याचं हे लोकांच्या तोंडी झालेलं रूप. १७३९ला मराठ्यांनी वसई घेतली त्या धामधुमीत इथलं जुनं चॅपल गेलं, १७६१ला नवं उभं राहिलं, आणि आज दिसते ती इमारत १९०४ची. मूर्ती समुद्रात सापडली ही कोळ्यांची कथा. कोळणी फुलं घेऊन येतात त्या नात्याने येतात, पाहुण्या म्हणून नाही.

वसई (पुन्हा)
एक राहिलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, वेगवेगळ्या भाषांत होतात, मराठीची वेळ फलकावर बघून घ्या. कुठल्याही धर्माच्या माणसाने बसावं, कुणी हटकत नाही. मिस्सात वाटतात तो ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) मात्र कॅथलिकांसाठीच असतो. तेव्हा बाकावरच थांबा. रांगेत शिरून मग गोंधळणारे दर वर्षी दिसतात.

माहीम
खाण्याचं मीच लिहितो. खाजं, म्हणजे गोवेकरांचं काडयोबोडयो, पुडीत घेऊ नका. बेसनाच्या काड्यांवरचा गूळ-आल्याचा पाक दमट हवेत सुटतो आणि रात्रीपर्यंत सगळा एक गोळा होतो. डबा न्या, घरी पोहोचेपर्यंत उघडू नका. गोव्याच्या चोरीसच्या, म्हणजे मसालेदार सॉसेजच्या, माळाही मिळतात. हे कच्चं डुकराचं मांस आहे, भाजलेलं नाही, हे नवख्यांना माहीत नसतं. दोरा काढा, साल सोलून आतलं मोकळं करा, मंद आचेवर त्याच्याच चरबीत परता, मग भरपूर कांदा आणि बटाटा. तेल नको. मीठ अजिबात घालू नका, आधी चाखा. बहुतेकांची भाजी तिथेच बिघडते. आणि माळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, घाम येऊन बुरशी धरते.