वाडीत माणसं उरली नाहीत, तरी कोकण पुढे गेलं म्हणायचं का?

वाडीवरचा (धागाकर्ता)

गणपतीत आमच्या वाडीतली एकोणीसच्या एकोणीस घरं उघडली होती. विसर्जनानंतर आठवड्याभरात चौदा घरांना कुलपं लागली. उरलेल्या पाच घरांत साठीच्या आतले आम्ही तिघंच. हे दरवर्षीचंच आहे. यंदा मात्र शाळेत पहिलीला एकही मूल आलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात पट लिहितात, तिथे गुरुजींनी पहिलीसमोर शून्य लिहिलंय. ते बघून घरी आलो आणि हा धागा काढला.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ होता, २०११ ला १६,१५,०६९ झाला. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. दोन जिल्ह्यांत मिळून लाखभर माणूस कमी झाला, आणि त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढला. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली होती, फळबाग योजना १९९० पासून होती. म्हणजे गाडी नव्हती, कलमं नव्हती म्हणून माणसं गेली असंही म्हणता येत नाही. सोयी आल्या आणि माणसं जातच राहिली. जी प्रगती गावात माणूस टिकवू शकत नाही, तिला मी कोकणची प्रगती म्हणणार नाही.

खाडीपलीकडे

शाळेचं वाचून वाईट वाटलं, पण आकड्यांचा तुम्ही लावलेला अर्थ पटत नाही. ठाणे जिल्हाही कोकण विभागातच येतो. त्याच दशकात तो ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. दिवा, डोंबिवली, नालासोपारा (तेव्हा तेही ठाण्यातच) इथल्या कुठल्याही चाळीत जाऊन आडनावं वाचा. कोकणी माणूस कमी झालेला नाही, तो किनाऱ्याने वर सरकलाय.

आणि फळ्यावरचं ते शून्य एकट्या स्थलांतराचं नाही. माझ्या आजीला नऊ मुलं झाली, त्यातली चार जगली. आईला आम्ही तिघं, मला एक मुलगी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १.७ निघाला. लोकसंख्या टिकायला साधारण २.१ लागतो. आजीची पाच मुलं कुठे पुरली ती जागा मला माहीत आहे. घरं भरलेली असायची त्या काळाबद्दल हळहळताना मला ती जागा आठवते.

कुळाचा नातू

गाव रिकामं झाल्याचं दुःख सगळ्यांचं सारखं नसतं. आमचे पणजोबा खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, जमिनीत राबले. भात झोडून झालं की खोताचा वाटा खळ्यावरूनच जायचा, मग उरेल ते घरात. १९३७ साली बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ ला. तोवर आमच्या घरातले दोघं मुंबईला गिरणीत लागले होते. आजोबा सांगायचे, साच्यावर उभं राहून पाय सुजायचे, पण पगारातून वाटा मोजून न्यायला कोणी यायचं नाही. आम्हाला गावाने हाकललं तसं मुंबईने सांभाळलंही. हे वगळून सांगितलेलं कोकणचं दुखणं मला अर्धंच वाटतं.

परसदार

जनगणनेतला आणखी एक आकडा कोणी घेतला नाही. २००१ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०७९. पुरुष मुंबईला, बायका इथे, एवढाच त्याचा अर्थ.

माझे सासरे परळला खोलीत अकरा जणांत राहायचे आणि खानावळीत जेवायचे. सासूबाई इथे तरवा काढायच्या, लावणी करायच्या, गुरं बघायच्या, वर दोन म्हातारी माणसं. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, त्यात पोस्टमन वाचून दाखवेल एवढंच लिहिता यायचं. त्यांच्या संसाराची वीस वर्षं तेवढ्या जागेत गेली. १९८२ च्या गिरणी संपात मनीऑर्डरही थांबली आणि पाटल्या मोडाव्या लागल्या.

२०११ ला तो आकडा रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ झाला. मला त्यात बायका नवऱ्यासोबत निघाल्याचं दिसतं. त्या गेल्या म्हणून मुलं गेली, शाळा ओस पडली, हे खरंच आहे. तरी सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, जाऊ दे त्यांना.

कलमवाला

गाव रिकामं आहे हेच मला मान्य नाही. आंब्याच्या राखणीला माझ्या बागेत नोव्हेंबरपासून नेपाळची दोन कुटुंबं असतात. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं, सगळं तीच बघतात. चिरेखाणीवर कर्नाटकातली माणसं. त्यांची मुलं आमच्या मुलांसारखी मालवणी बोलतात. आपण त्यांना बागेत खोली देतो आणि वाडीची माणसं मोजताना वगळतो. पावसाच्या तोंडावर ती परत जातात, जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा इथे नसतात. वाडीवरचा, तुमच्या पटावर ती कशी दिसणार?

वाडीवरचा

खोतीचं मी लिहायला हवं होतं, चूक कबूल. परसदार, तुमच्या सासूबाईंपुढे मी काय बोलणार?

पण खाडीपलीकडे, तुमच्याशी अजून भांडण आहे. आमच्या सामाईक सातबाऱ्यावर ४३ नावं आहेत. मळ्यात काही करायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, त्यातले सहा जण मी उभ्या जन्मात पाहिलेले नाहीत. मळा बारा वर्षं पडीक आहे, बांध फुटलाय, डुकरं बसतात. गेलेला माणूस नाव सोडत नाही आणि नांगरही धरत नाही. वर सरकलात, मान्य. पण जमीन अडवून सरकलात.

कलमवाला, शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मधेही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मी उद्याच गुरुजींशी बोलतो.

खाडीपलीकडे

बांधाचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. तरी नाव सोडायला सांगू नका. सातबाऱ्यावरच्या त्या एका ओळीशिवाय तिथे माझं काही उरलेलं नाही. आणि जमीन कसायला दिली तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा तिच्यावर कायद्याने हक्क लागेल, ही भीती वडिलांनी आमच्यात घातली ती अजून जात नाही.

कुळाचा नातू

ती भीती आमच्याबद्दलची आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

कलमवाला

आमच्या राखणदाराची धाकटी सहा वर्षांची आहे. बागेतून शाळेपर्यंत दोन किलोमीटर, त्यातला निम्मा चढ. यंदा आली की सकाळी गाडीवरून मी सोडीन. दप्तराचं तेवढं बघा.