प्राणी-निवाऱ्याला खरोखर उपयोगी पडेल अशी मदत कोणती?

सातारकर
आमच्या शहराबाहेर भटक्या आणि जखमी जनावरांचा एक लहान निवारा आहे. तिथे साठ-सत्तर कुत्री, काही मांजरे आणि अपघातात पाय गमावलेली एक गाय असून त्या सगळ्यांचे करणारी माणसे अवघी तीन आहेत. गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीने घरोघरी हिंडून चार पोती जुने कपडे, बिस्किटांचे खोके आणि दुधाच्या पिशव्या जमवल्या व मोठ्या हौसेने तिकडे पोहोचवल्या. महिन्याभराने मी पुन्हा गेलो, तेव्हा कपड्यांची पोती व्हरांड्याच्या कोपऱ्यात तशीच बांधलेली दिसली. एका पोत्यातून जरीच्या साडीचा काठ बाहेर लोंबत होता. तिथल्या मावशी काही बोलल्या नाहीत, उलट मलाच चहा विचारला, पण आपण मदत म्हणून त्यांच्यापुढे अडगळ नेऊन टाकली हे माझ्या लक्षात आले. मी निवृत्त आहे, निवृत्तिवेतन बेताचे आहे, पण आठवड्यातून दोन सकाळी मोकळ्या आहेत. दहावीतल्या नातीलाही सोबत यायचे आहे. आम्ही नेमके काय करावे?

मुळाकाठ
मी पुण्यातील एका निवाऱ्याचे कोठार आणि हिशोब गेली सहा वर्षे सांभाळत आहे, त्यामुळे अशी पोती मी पुष्कळ उघडली आहेत. जरीचे आणि सिंथेटिक कपडे ओल शोषत नाहीत व त्यांच्या धाग्यांत नखे अडकतात. कापूस भरलेल्या उशा-गाद्या कुत्री फाडतात, कापूस गिळतात आणि मग आतडे तुंबून शस्त्रक्रियेची वेळ येते. याउलट सुती चादरी, टॉवेल, गोणपाट आणि वर्तमानपत्रांची रद्दी कितीही आली तरी पुरत नाही, कारण मांजरांच्या पिंजऱ्यांत रोज ताजा कागद अंथरावा लागतो.

खाण्याचा खर्च सर्वांत मोठा असतो. आमच्याकडे रोज सकाळी तांदळाची कणी शिजते आणि त्यात कोंबडीचे पाय व मुंड्या हाडे पूर्ण मऊ होईपर्यंत कुकरमध्ये शिजवून कालवतात. म्हणून बिस्किटांऐवजी कणीचे पोते द्यावे, किंवा जवळच्या चिकनच्या दुकानदाराशी बोलून त्याच्याकडचा उरलेला माल ठरावीक दिवशी निवाऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था लावून द्यावी. ही दुसरी मदत आपल्याला फुकट पडते आणि निवाऱ्याचे दरमहा बरेच पैसे वाचवते. गायीचे दूध मोठ्या कुत्र्या-मांजरांना बहुधा पचत नाही, हगवण लागते, आणि पुढचे दोन दिवस कर्मचाऱ्यांचे पिंजरे धुण्यात जातात. लग्नातले उरलेले जेवणही पाठवू नये, कारण कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात.

पैशांबद्दल स्पष्ट लिहितो. वर्षातून एकदा आलेल्या 6,000 रुपयांपेक्षा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता येणारे 500 रुपये मला अधिक मोलाचे वाटतात, कारण त्यांच्या भरवशावर औषधवाल्याला उधारी चुकवण्याची तारीख देता येते. मात्र करसवलत हवी असेल, तर रोखीने दिलेल्या 2,000 रुपयांपेक्षा अधिक देणगीवर वजावट मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळीच मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. आपल्या ओळखीत औद्योगिक वसाहतीतील मोठ्या कारखान्यांचे कोणी अधिकारी असतील, तर त्यांना जरूर भेटावे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी ज्या कामांसाठी खर्च करता येतो, त्यांत प्राणिकल्याणाचा समावेश आहे. असा अर्ज नीट लिहून, सोबत लेखापरीक्षित हिशोब जोडून देणारे माणूस लहान निवाऱ्याकडे सहसा नसते. निवृत्त माणसाने हे काम अंगावर घेतले, तर माझ्या मते ते दहा पोत्यांना भारी ठरेल.

पशुवैद्य, कोल्हापूर
आपण आणि नात यांनी जनावरे हाताळण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तिच्या तीन मात्रा असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. लस घेतलेली असली, तरी चावा किंवा ओरखडा आल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. पार्व्हो म्हणजे कुत्र्यांना, विशेषतः पिल्लांना होणारा जीवघेणा हगवणीचा आजार. त्याचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतो, चपलांना चिकटून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातो आणि लस न झालेल्या पिल्लांची अख्खी वीण चार दिवसांत संपवतो. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि ते पाहवत नाही. फिनाईल त्यावर भरवशाचे नाही, शिवाय मांजरांना ते विषारी आहे. आधी घाण पूर्ण धुऊन काढावी, मग एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे. निरोगी पिल्लांकडे आधी आणि आजाऱ्यांकडे शेवटी जावे. नवीन आलेल्या जनावरासाठी वेगळी खोली आहे का, तेही पाहावे. ती नसेल, तर आपल्या देणगीचा पहिला रुपया तिथे लागला पाहिजे.

मांडवीतीर
मी पणजीत राहते. निवाऱ्यातील गर्दी कमी करणे हीही मदतच आहे. गेल्या पावसाळ्यात मी पाच आठवड्यांचे एक काळे पिल्लू दीड महिन्यासाठी घरी आणले होते. मानेवरच्या जखमेतल्या अळ्या डॉक्टरांनी काढल्या होत्या, तरी रोज मलमपट्टी आवश्यक होती आणि सत्तर जनावरांच्या गडबडीत ती कोणाला जमली नसती. पहिल्या रात्री ते टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीला पाठ लावून झोपले. नातीने अशा पिल्लांची छायाचित्रे जमिनीवर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावीत आणि स्वभाव खरा लिहावा. काळ्या गावठी कुत्र्यांना घर मिळायला वेळ लागतो, पण चांगल्या छायाचित्राने फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

त्याबरोबरच आपल्या गल्लीतील कुत्र्यांची वही ठेवावी: कोणाच्या कानाला नसबंदीची खाच आहे, कोणाच्या नाही. कुत्री साधारण 63 दिवसांत विते, त्यामुळे शस्त्रक्रिया लांबली की निवाऱ्याच्या दारात पिल्लांचे नवे खोके येते. आमच्याकडे ‘मिशन रेबीज’च्या मोहिमेत असेच मोजून, नोंदी ठेवून लसीकरण झाले. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, आणि सत्तर टक्के कशाचे हे गणनेशिवाय कळत नाही.

सातारकर
सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल निवाऱ्यात जाऊन मावशींना प्रथमच विचारले, की तुम्हाला काय हवे आहे. त्यांनी कणी सांगितली नाही की पैसे. आजारी पिल्लांच्या खोलीच्या दाराला कडी नाही. दार सुतळीने बांधतात आणि बरी पिल्ले फटीतून आत शिरतात. शनिवारी सुताराला घेऊन जात आहे. नातीच्या लसीची पहिली मात्रा सोमवारी आहे, तोवर ती बाहेर बसून छायाचित्रांच्या नोंदी लिहील.