ऑटोक्रॉससाठी १२ हजार डॉलरमध्ये कोणती गाडी? मियाटा, बीआरझेड की आणखी काही?

मिशिगनकर:
नमस्कार मंडळी. डेट्रॉईटजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या एका मित्राबरोबर ऑटोक्रॉस बघायला गेलो आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात: मोठं रिकामं पार्किंग, त्यात केशरी कोन मांडून आखलेला वळणावळणांचा रस्ता, एका वेळी एकच गाडी आणि स्पर्धा घड्याळाशी. एक रन साधारण मिनिटभराचा. कोन पाडला की वेळेत २ सेकंद वाढतात, रस्ता चुकला की रन बाद. पुण्यात असताना मातीवरचा ऑटोक्रॉस लांबून बघितला होता. इथे डांबरावर मित्राने शेजारी बसवलं. वेग ताशी ५५-६० मैलांच्या वर गेला नसेल, पण उतरलो तेव्हा पाय थरथरत होते.

रोजची गाडी कोरोला, ऑटोमॅटिक. घरची दुसरी सीआर-व्ही. आता एक मॅन्युअल गाडी खास यासाठी घ्यायची आहे. बजेट १२ हजार डॉलर, त्यातच टायर, हेल्मेट आणि पहिल्या सीझनची फी. डोक्यात दोन आहेत: २००१ ते २००५ मधली माझदा मियाटा किंवा २०१३-१४ ची सुबारू बीआरझेड. मियाटा सहा-सात हजारांत दिसते, बीआरझेड जवळजवळ सगळं बजेट खाते. मुलगी चार वर्षांची आहे, तेही सांगून ठेवतो. तुम्ही काय घ्याल?

प्राजक्ता_ओहायो:
मियाटा. सात सीझन झाले माझे, त्यातले पाच मियाटात.

२००१ ची मियाटा १४२ हॉर्सपॉवरची, पण वजन सुमारे २,४०० पौंड. बीआरझेड २०० हॉर्सपॉवरची आणि जवळपास २,७५० पौंड. कोनांमध्ये सरळ रस्ता असतोच किती? रन बहुतेक दुसऱ्या गिअरमध्येच संपतो. तिथे ताकदीपेक्षा वजन आणि टायर बोलतात. दुसरं म्हणजे या मियाटाला चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, कंपनीच्याच बोल्टवर चारही कोपऱ्यांना बदलता येतो. बीआरझेडला पुढे स्ट्रट (साध्या रचनेचं सस्पेन्शन) आहेत, मूळ बोल्टवर पुढचा कॅम्बर फारसा हलत नाही. स्ट्रीट वर्गात (गाडी जवळजवळ मूळ स्थितीत ठेवायचा वर्ग) राहायचं तर भाग बदलायला मर्यादा असतात, म्हणून पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा आधी झिजतात.

आणि पैशाचा हिशेब करा. दिवसाला पाच-सहा रन मिळतात, म्हणजे गाडी चालवणं पाच-सहा मिनिटांचं. दहा इव्हेंट केले तरी सीझनभरात जेमतेम एक तास! त्या एका तासासाठी सगळं बजेट गाडीत ओतून बसलात तर टायरला आणि फीला काय उरणार? सहा हजारांची गाडी, चांगले २०० ट्रेडवेअरचे टायर (हा झिजेचा आकडा, कमी तितका टायर मऊ आणि पकड जास्त), टायमिंग बेल्ट (६० हजार मैलांना बदलावा लागतो, आधीच्या मालकाकडे पावती मागा) आणि उरलेले सगळे इव्हेंटसाठी. मियाटाला बसणारे १५ इंची टायर बीआरझेडच्या १७ इंचीपेक्षा बरेच स्वस्त पडतात, दर सीझनला फरक कळतो.

गतिमान:
प्राजक्ताताई, तांत्रिक मुद्दे सगळे मान्य, पण चार वर्षांच्या मुलीचा बाप विचारतोय. मियाटात दोनच सीट. शनिवारी मुलीला घेऊन आइसक्रीम खायला जायचं तरी सीआर-व्हीच काढायची? बीआरझेडची मागची सीट अरुंद आहे, चाइल्ड सीट लावली की पुढच्याला गुडघे आवळून बसावं लागतं, तरी ती आहे. मागची पाठ पाडली की चार टायर आत मावतात. मियाटावाले मागे छोटा ट्रेलर जोडून टायर नेतात, मी दर इव्हेंटला बघतो.

शिवाय वय बघा. वीस-बावीस वर्षांची गाडी म्हणजे रबरी बुश, कूलंटच्या नळ्या, कापडी टप, काही ना काही निघणारच. एक मात्र नक्की: २०१३ च्या मॉडेलला व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल होता. व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून काम झालंय का आणि कुणी केलंय ते तपासल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

रानवारा:
दोघांचंही पटत नाही. पहिला सीझन कोरोला चालवा.

मी गंमत करत नाहीये. माझी पहिली दोन वर्षं आईवडिलांच्या जुन्या कॅमरीत गेली. पुढे किती लांब बघायचं, ब्रेक कुठे सोडायचा, कोनाच्या किती जवळून जायचं, हे सगळं कोणत्याही गाडीत शिकता येतं आणि नवशिक्याचे चार-पाच सेकंद तिथेच असतात. पॅक्स गुणकाने वेगवेगळ्या वर्गांच्या वेळा एका पट्टीत आणतात, म्हणून हळू गाडी घेऊन गेलात तरी आपण कुठे आहोत ते कळतं. सीआर-व्ही नका नेऊ, उंच आणि अरुंद गाड्यांना उलटण्याच्या भीतीने मज्जाव असतो. कोरोला टेक तपासणीत (इव्हेंटआधीची सुरक्षा तपासणी) पास होईल: सुटं सामान बाहेर, बॅटरी घट्ट, चाकाचे नट आवळलेले. बारा हजार बँकेत राहू द्या.

प्राजक्ता_ओहायो:
रानवारा, शिकता येतं हे खरंच. पण ऑटोमॅटिक कोरोलात माणूस दोन इव्हेंट करतो आणि घरी बसतो, असे तीन-चार जण मी पाहिलेत. आवड टिकायला गाडीने हाताशी बोलावं लागतं. मियाटात मागचं टोक सुटायला लागलं की ते आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. तो अनुभव शिक्षणाचाच भाग आहे.

सातारकर_टेक्सास:
इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांपलीकडे कुणी बघतच नाही का? फोर्ड फिएस्टा एसटी, २०१४ ते २०१९. टर्बो, १९७ हॉर्सपॉवर, पाच दारं, मागे पोरगी आरामात, डिकीत टायर. वळणात आतलं मागचं चाक उचलते तेव्हा बघणारेही टाळ्या वाजवतात. डेट्रॉईटच्या थंडीत स्नो टायर लावून ऑफिसलाही जाल. एका गाडीत दोन कामं, बजेट याला म्हणतात.

गतिमान:
पण मिशिगनकरांना वेगळी गाडी हवीय, रोजची आहेच त्यांच्याकडे. आणि नवखा माणूस फिएस्टासारख्या, ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या टर्बो गाडीत घाईने ॲक्सिलरेटर दाबतो आणि नाक सरळ कोनांत जातं.

सातारकर_टेक्सास:
घाई करणारा मागच्या चाकांच्या गाडीत गोल फिरतो, दादा. नाक सरळ गेलं तर पाय उचलून परत वळता येतं. नवख्याला कुठली चूक परवडते ते बघा.

मिशिगनकर:
सगळ्यांचे आभार. बायकोचा एक प्रश्न आहे: मियाटाला पक्कं छत नाही, गाडी उलटली तर?

प्राजक्ता_ओहायो:
रास्त प्रश्न. सपाट पार्किंगवर, या वेगाला, इतक्या बुटक्या गाडीला उलटणं फार अवघड असतं, आणि आयोजक खांब-कठड्यांपासून अंतर ठेवूनच कोर्स आखतात. रोल बारची (सीटमागची लोखंडी कमान, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी) सक्ती बहुधा नसते, शिफारस असते. मी लावलाय, पण त्याला जाड पॅडिंग आहे. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही, आणि मागून कुणी ठोकलं तर उघडं डोकं त्या लोखंडावर आपटू शकतं. रोल बार लावायचा तर पॅडिंगसकट आणि सीट खाली घेऊनच.

रानवारा:
इथे मी प्राजक्ताताईंच्या बाजूने. आधी क्लबचं हेल्मेट वापरा, बहुतेक ठिकाणी मिळतं. विकत घेताना स्नेलचं (हेल्मेटची सुरक्षा तपासणारी संस्था) स्टिकर आणि त्यावरचं साल वाचा.

मिशिगनकर:
काल एक २००२ ची मियाटा बघून आलो. ६,२०० डॉलर, ९४ हजार मैल, रंग चकचकीत, इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू. मित्राने सांगितलं होतं म्हणून मागच्या चाकाच्या पुढचा दाराखालचा पट्टा, ज्याला रॉकर म्हणतात, तिथे गुडघ्यावर बसून अंगठ्याने दाबलं. उजवीकडे टणक. डावीकडे रंगाखाली भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं आणि बारीक तांबडा चुरा बोटाला लागला. मालक म्हणाला वरवरचा गंज आहे, पाचशे कमी करतो.

प्राजक्ता_ओहायो:
घेऊ नका. टपाच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या असतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी रॉकरमध्ये साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर बोटभर दिसतो तेव्हा आत हातभर असतो. त्यात तुमच्याकडे रस्त्यावर मीठ. टेनेसी-जॉर्जियाकडची गाडी शोधा, हजारभर जास्त गेले तरी चालतील.

गतिमान:
हेच मी म्हणत होतो. बीआरझेडलाही मीठ लागतं, पण दहा वर्षं कमी.

सातारकर_टेक्सास:
इकडे ह्यूस्टनच्या आसपास कोरड्या पत्र्याच्या मियाटा बऱ्याच दिसतात. नक्की ठरलं तर कळवा, शनिवारी जाऊन अंगठा दाबून येतो.

मिशिगनकर:
सातारकर, हे मनावर घेतोय. मियाटा की बीआरझेड अजून ठरत नाही, बायको मागच्या सीटवर अडून आहे आणि तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पुढच्या रविवारी मित्राच्या गाडीत दुसरा ड्रायव्हर म्हणून नाव घातलंय. तीन रन त्याचे, तीन माझे, आणि मधल्या वेळात कोन उचलायची ड्यूटी.