पडद्याचा रॉड दरवेळी उजवीकडूनच का निखळतो?

अबोली_नाशिक

नमस्कार मंडळी,

दीड वर्षात आमच्या हॉलमधला पडद्याचा रॉड तिसऱ्यांदा खाली आला. परवा सासूबाई खिडकीखाली बसून मटार सोलत होत्या आणि रॉडचं उजवं टोक थेट परातीत. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून त्या खिडकीजवळ बसत नाहीत, आणि का बसत नाहीत ते आल्यागेल्याला सांगतात.

बिल्डिंग सहा वर्षांची, आमचा सातवा मजला. खिडकी पश्चिमेची, साडेसात फूट रुंद. रॉड स्टीलचा, एक इंची. आयलेटचे (वरच्या कडेला धातूच्या कड्या बसवलेले, त्यांतून रॉड जातो) दोन पडदे, आतून ब्लॅकआउटचं अस्तर. प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्यावर लटकवून बघितले, दोन्ही मिळून साडेपाच किलो भरले. ब्रॅकेट दोनच, दोन टोकांना, खिडकीच्या कडेपासून १०-१० इंच बाहेर. पडदे सारले की काच पूर्ण मोकळी दिसावी ही हौस माझीच.

डावीकडचं ब्रॅकेट पहिल्या दिवसापासून ढिम्म हललेलं नाही. उजवीकडे पडदेवाल्याने आधी सव्वा इंची स्क्रू मारला, मग दोन इंची, मग "मॅडम, आता जाड गिट्टी टाकतो" म्हणत (गिट्टी म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी) १० एमएमचं भोक पाडलं. आता तिथे रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा आहे आणि बोट घातलं की पिठासारखं काहीतरी गळतं. शेजारच्या काकू म्हणतात, काडेपेटीच्या काड्या ठोक आणि पांढरं सिमेंट भर.

जाता जाता दुसरं दुखणं. बेडरूमचं रोलर ब्लाइंड (नळीवर गुंडाळलं जाणारं पडद्याचं कापड) वर घेताना उजवीकडे तिरकं सरकतं. कापडाची कड ब्रॅकेटला घासून दशा निघाल्यात. तो माणूस म्हणतो, वापरून वापरून सरळ होईल. होईल का?

चकलीभाजणी

मटार वाचले का?

परदेशी_पाहुणा

आम्ही न्यू जर्सीत. इकडे भिंती जिप्सम बोर्डाच्या, आत साधारण १६-१६ इंचांवर लाकडी खांब. ते शोधायचं यंत्र मिळतं, खांब सापडला की थेट त्यात स्क्रू. तुमच्याकडे तसं काही करता येईल का बघा.

रंधा_आणि_पटाशी

परदेशी पाहुणे, इथे भिंतीत खांब शोधायला गेलं तर विजेची वायर सापडेल.

अबोलीताई, तीस वर्षं सुतारकाम केलंय, म्हणून हक्काने सांगतो. स्क्रू लांब करत जाणं थांबवा, आधी भिंत कसली आहे ते बघा. ६ एमएमचं बिट लावा, खड्ड्यापासून चार बोटं बाजूला एक भोक पाडा आणि खाली पांढरा नको, काळा किंवा रंगीत कागद धरा. पहिला अर्धा इंच प्लास्टरचा, तो सगळीकडे राखाडीच येणार, तो मोजायचा नाही. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट. राखाडी आली आणि मशीन नुसतं ओरडतंय, बिट पुढे जात नाही, तर काँक्रीट. पांढरट, मैद्यासारखी आली आणि बिट आपसूक आत गेलं, तर हलका ब्लॉक, ज्याला सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. डावीकडेही तसंच करा.

एक मात्र बघा. भोकाच्या सरळ रेषेत खाली स्विचबोर्ड असेल तर तिथे ड्रिल लावू नका. बोर्डाची पाइप बहुतेक वेळा भिंतीतून सरळ वर जाते.

अबोली_नाशिक

@चकलीभाजणी, उसळ झाली. आधी दोनदा धुतले.

@रंधा काका, शेजाऱ्यांचं ड्रिल आणून आत्ताच बघितलं. उजवीकडे मैदा! अगदी तसाच, बोटाला चिकटणारा. डावीकडे अर्ध्या इंचापुढे बिट जाईना, राखाडी चिमूटभर आली आणि बिट तापून हात लावू देईना. डाव्या कोपऱ्यात भिंत जराशी पुढे आलेली आहे, त्यात काही असेल का? स्विचबोर्ड दुसऱ्या भिंतीवर आहे.

रंधा_आणि_पटाशी

आहे ना, तो काँक्रीटचा कॉलम आहे. म्हणजे तुमच्या पडदेवाल्याने एकच गिट्टी, एकच स्क्रू दोन वेगळ्या भिंतींत मारला आणि एक टिकला म्हणून दुसराही टिकेल असं धरून चालला.

साधी प्लास्टिकची गिट्टी स्क्रूने फुगते आणि भोकाच्या कडांना दाबून बसते. काँक्रीट तो दाब सोसतं. ब्लॉकचा तिथल्या तिथे चुरा होतो, आणि तोच तुमच्या बोटाला लागतोय. त्यात ड्रिलचा हॅमर (फिरता फिरता ठोके मारायची सोय) चालू ठेवून भोक पाडलं असेल, तर ते गिट्टी घालायच्या आधीच आतून सैल झालेलं असतं. ब्लॉकला दोष देऊ नका. ब्लॉकमध्ये हॅमर बंद, नुसतं फिरवायचं, आणि गिट्टी ब्लॉकसाठीची वेगळी, लांब घ्यायची.

शिवाय तुमचा रॉड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असणार. पडद्याला हिसडा बसला की ब्रॅकेटचा खालचा स्क्रू नुसता भिंतीला टेकतो, उपटला जातो तो वरचा. तुमचं खड्डा पडलेलं भोक वरचंच असणार, पैज लावतो.

आता उपाय. बऱ्याच ठिकाणी खिडकीच्या डोक्यावर लिंटेलची काँक्रीट पट्टी असते, साधारण सहा इंच उंच, आणि दोन्ही बाजूंना भिंतीत सहा-एक इंच गेलेली. तुम्ही १० इंचांवर ब्रॅकेट मारलंत, म्हणजे लिंटेल संपल्यावर. ते आत घ्या, कडेपासून चार इंचांवर, आणि खिडकीच्या वरच्या कडेपासून तीन इंच वर. इथे हॅमर चालू. सळया लिंटेलच्या खालच्या अंगाला असतात. बिट टणकन वाजलं आणि अडलं तर जोर लावू नका, अर्धा इंच वर सरका. गिट्टी ५० एमएमची, म्हणजे प्लास्टर सोडूनही दीड इंच काँक्रीटमध्ये जाते. सव्वा इंचीतला निम्माअधिक भाग प्लास्टर आणि ब्रॅकेटच्या पत्र्यातच संपतो.

काड्या ठोकण्याचा उद्योग नको. खड्डा कोरडा खरवडून, पाणी मारून, पुट्टीने दोन हातांत भरा आणि विसरा. तिथे परत स्क्रू नाही.

१० इंचांचाच हट्ट असेल तर दोन्ही ब्रॅकेटांपर्यंत पोचेल अशी, खिडकीहून लांब तीन इंची लाकडी पट्टी लावा, मधले स्क्रू लिंटेलमध्ये, आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर. पूर्वी पेल्मेट (रॉड झाकणारी लाकडी पेटी) करायचो तेव्हा हेच करत होतो.

उसवणशिवण

काकांच्या सगळ्याला अनुमोदन, माझ्याकडून एवढंच घाला: साडेसात फुटांना मधलं ब्रॅकेट हवंच. मी पडदे शिवते, रोज बघते. मधला आधार नसेल तर रॉड झुकतो, आयलेट मधेच अडकतात, मग लोक ओढतात, आणि ती ओढ थेट टोकाच्या स्क्रूला बसते. आयलेटचा पडदा मधल्या ब्रॅकेटपलीकडे जात नाही, पण तुमचे दोन आहेत, आपापल्या अर्ध्यात राहतील.

रोलर ब्लाइंड वापरून सरळ होत नाही, वापरून फाटतं. दोन्ही ब्रॅकेट एका पातळीत आहेत का बघा, आणि खिडकीच्या चौकटीपासून मोजू नका, चौकट स्वतःच तिरकी असू शकते. गवंड्याकडची पाण्याची नळी मिळाली तर उत्तम, नाहीतर साधी लेव्हल. पातळी ठीक असूनही कापड उजवीकडे पळत असेल तर ब्लाइंड रोलरची नळी दिसेपर्यंत खाली सोडा आणि नळीच्या डाव्या टोकाला दोन-तीन इंच मास्किंग टेप चिकटवा. टेपने नळी तिकडून किंचित जाड होते आणि कापड त्या अंगाला ओढलं जातं. एका थराने फरक पडला नाही तर अजून एक. दशा कात्रीने कापा, ओढू नका.

घरात लहान मूल आहे का? असेल तर ब्लाइंडची साखळी लोंबती ठेवू नका. सोबत जो प्लास्टिकचा छोटा होल्डर मिळतो तो लोक फेकून देतात. तो भिंतीला स्क्रूने लावून साखळी ताणून ठेवायची, गळ्यात अडकत नाही.

अबोली_नाशिक

रविवारी झालं सगळं. पैज काका जिंकले, वरचंच भोक होतं. चार इंचांवर राखाडी भुकटी बघून इतका आनंद झाला की ह्यांना बोलावून कागद दाखवला. ह्यांना त्यात काय बघायचं ते कळलं नाही. एकदा टणकन वाजलं, वर सरकले. मधलं ब्रॅकेटही लावलं. रॉड दोन्हीकडून सहा-सहा इंच कापून आणला. पडदे सारल्यावर आता कडेची थोडी काच झाकली जाते, पण पश्चिमेचं ऊन बघता तेही बरंच म्हणायचं.

ब्लाइंडची दोन ब्रॅकेट पातळीत नव्हती, जवळजवळ पाव इंचाचा फरक. पडदेवाल्याने चौकटीपासूनच मोजलेलं. ते सारखं करून टेपचा एक थर लावला, आता कापड नीट गुंडाळलं जातं. होल्डर सापडला, खोक्यातच होता, भाचरं सुट्टीत येतात म्हणून लगेच लावला.

सासूबाईंना मुद्दाम पडदा दोनदा ओढून दाखवला. म्हणाल्या, "बरं दिसतंय." मटार मात्र स्वयंपाकघरातच सोलतायत. एक पावसाळा जाऊ दे, मग बघू, असं त्यांचं म्हणणं आहे.