शुगरच्या चूर्णाचं कोलॅब (पैसे घेऊन जाहिरात) आलंय, स्क्रिप्ट कंपनीचीच बोलायची म्हणतात, घ्यावं का?

ज्वारीची_भाकरी:
नमस्कार मंडळी, माझं इन्स्टावर रेसिपीचं पेज आहे, 40 हजारच्या आसपास फॉलोअर्स, बहुतेक सांगली-कोल्हापूरकडचे. आत्तापर्यंत मसाले, बिडाचे तवे असलीच कोलॅब केली. आता एका एजन्सीकडून कारलं-जांभूळ चूर्णाचं आलंय, 8 हजार आणि वर प्रॉडक्ट फ्री. "30 दिवसांत शुगर नॉर्मल, गोळ्या बंद" असं मी कॅमेऱ्यासमोर बोलायचं आणि पेड पार्टनरशिपचा, म्हणजे ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे असं दाखवणारा टॅग लावायचा नाही, रीच पडतो म्हणे. अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक ओळ आहे की कुणी तक्रार केली तर सगळी जबाबदारी क्रिएटरची. एजन्सीवाला म्हणतो सगळेच करतात, काय झालं तर कंपनी बघेल. खरंच असं असतं का?

कोर्टकचेरी_पुणे:
ताई, तोंडी म्हणतो कंपनी बघेल आणि कागदावर लिहितो तुम्ही बघा, यातच काय ते समजा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरात करणाऱ्यालाही दंड आहे, फसवी जाहिरात निघाली तर पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, शिवाय एक वर्षापर्यंत जाहिरात करायला बंदी, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत. तुम्ही बोलण्याआधी दाव्याची खातरजमा केली होती हे दाखवता आलं तर दंडातून सुटका आहे, पण इथे तुम्ही दाखवणार काय? आणि टॅगचं म्हणाल तर जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे, म्हणजे अ‍ॅस्कीचे नियम जून 2021 पासून आहेत, पैसे नाही नुसती वस्तू फुकट मिळाली तरी सांगावं लागतं, तेही व्हिडिओवर दिसेल असं, पंधरा हॅशटॅगच्या खाली लपवून नाही.

मेडिकलवाला_मिरज:
टॅगचं नंतर बघा हो, आधी ते "गोळ्या बंद" काढा! 1954 चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे त्याच्या यादीत मधुमेह सरळ लिहिलेला आहे, तो बरा करतो असं सांगणाऱ्या औषधाच्या जाहिरातीत भागच घ्यायचा नाही, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आयुर्वेदिक आहे म्हणून सूट नाही. कायदा सोडा, माझ्या काउंटरवर एक काका आले होते, कुठलातरी व्हिडिओ बघून मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) सोडलेलं, पायाची जखम महिनाभर भरत नव्हती तरी विचारतात चूर्ण आहे का. तुमचं पेज बघणाऱ्यात असे किती आईवडील असतील बघा, ते तुमच्या भाकरीवर विश्वास ठेवतात म्हणून चूर्णावर पण ठेवणार.

रील_आणि_बिल:
मी ब्रँडच्या बाजूने काम करते म्हणून सांगते, चांगली कंपनी बदल मागितले तर चिडत नाही. लेखी मागा: दाव्याचा पुरावा, लायसन्स नंबर, आणि प्रॉडक्टच्या दाव्याची जबाबदारी कंपनीची, तुम्ही स्वतःहून जे जास्तीचं बोलाल तेवढीच तुमची. तुमचा व्हिडिओ ते किती दिवस जाहिरातीत फिरवणार तेही लिहून घ्या, तीन महिने वगैरे, नाहीतर "कायमचे हक्क" लिहिलेलं असतं आणि दोन वर्षांनीही तुमचाच चेहरा फिरतोय. ट्रेंडिंग गाणं पण नको, पेड रीलला कमर्शियल वापराची परवानगी असलेलंच म्युझिक लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा, विशेषतः "टॅग लावू नका" वालं.

ज्वारीची_भाकरी:
खूप आभार सगळ्यांचे. काल मेल टाकला की पुरावा पाठवा, गोळ्यांची ओळ काढा आणि टॅग लागणारच, तर उत्तर आलं मॅडम दुसरे क्रिएटर तयार आहेत. मी नाही म्हणून कळवलं. मिरजेच्या दादांचं वाचून तर झोपच उडाली, सासूबाईंना पण शुगर आहे. आता एकच, जुन्या मसाल्याच्या रील्सना टॅग नव्हता, त्याचं काय करू?

कोर्टकचेरी_पुणे:
डिलीट करायची गरज नाही, एडिटमध्ये जाऊन पेड पार्टनरशिपचं लेबल लावा आणि कॅप्शनच्या पहिल्याच ओळीत "जाहिरात" लिहा. ज्या अजून चालतायत, व्ह्यूज येतायत, त्या आधी घ्या.