ईमेलला डिजिटल सही कशी लावायची?

म्हापशेकर: मंडळी, भाऊ दुबईला असतो, घराच्या कागदपत्रांचे मेल जातात येतात, मध्ये कोणीतरी माझ्याच नावाने खोटा मेल टाकला त्याला. जीएसटीसाठी घेतलेला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन आहे माझ्याकडे, तोच चालेल का?

फोंड्याची सीए: तो टोकन क्लास ३ चा, म्हणजे सहीच्या वरच्या दर्जाचा असणार, २०२१ पासून खालचं क्लास २ बंदच झालं. रिटर्न भरायला ठीक, पण मेलला नको त्या भानगडीत पडू. एस-माइमचं, म्हणजे मेलवर सही करायच्या नि मेल कुलूपबंद करायच्या पद्धतीचं, सर्टिफिकेट वेगळं मिळतं, तुमच्या ईमेल पत्त्यावरच काढतात. पी१२ फाइल येते, त्यात सर्टिफिकेट आणि तुमची गुप्त किल्ली असते, ती थंडरबर्ड ह्या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये अकाउंट सेटिंग्जमधल्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये जाऊन इम्पोर्ट करायची आणि सही चालू करायची, झालं. साध्या जीमेलच्या वेबसाइटवर मात्र हे जमत नाही हां.

पणजीकर: आणि ती फाइल नि पासवर्ड पेनड्राइव्हवर जपून ठेवा बाबा!! मी लॅपटॉप फॉरमॅट केला, की गेली, जुने एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद, मेल आजपर्यंत उघडले नाहीत. मुदत संपली तरी जुनं सर्टिफिकेट उडवायचं नाही ते ह्याचसाठी. बाकी नुसत्या सहीने मेल लपत नाही, तुम्हीच पाठवला आणि वाटेत कोणी बदलला नाही एवढंच कळतं.

म्हापशेकर: लावलं! भावाचा लगेच फोन, "ही पी७एस फाइल कसली, व्हायरस बी आहे काय?" 😄 तीच सही म्हणून सांगितलं. देव बरें करूं!