उक्त्या मजुरीच्या कामावर हिशेबाच्या दिवशी ३१,६०० रुपये जादा : काय द्यावे, काय नाकारावे? (मदत हवी आहे, सोलापूर)

धागाकर्ता :

नमस्कार. आमचे घर सोलापुरात दक्षिण कसब्यात आहे. वडिलांनी १९७४ साली बांधलेले, खाली चार खोल्या आणि वर मोकळी गच्ची. गेल्या पावसाळ्यात दोन खोल्यांचे छत ओले झाले आणि पोपडे पडू लागले, म्हणून यंदा मृगाच्या आत काम उरकावे या हिशेबाने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्ती काढली. सामान सगळे आमचे आणि ठेकेदाराची फक्त मजुरी, असे ठरले होते. मजुरी उक्ती, म्हणजे पूर्ण कामाची एकच ठरलेली रक्कम, ५२,००० रुपये. त्याने आपल्या वहीचे पान फाडून त्यावर तीन ओळी लिहून दिल्या, त्या अशा : गच्चीचा जुना कोबा (गळती रोखणारा वरचा थर) काढून नवा कोबा, ६६० चौरस फूट, ४५ रुपयांनी २९,७००, मागच्या बाहेरील भिंतीचा गिलावा, ५०० चौरस फूट, ३० रुपयांनी १५,०००, दोन खोल्यांच्या छताचे सुटलेले पोपडे काढून, गंजलेल्या सळया घासून पुन्हा गिलावा, ठोक ७,३००. खाली त्याची सही आहे आणि माझीही आहे. जादा काम निघाल्यास काय करायचे, याविषयी त्या पानावर एक अक्षरही नाही, आणि आजचा सारा घोळ त्या कोऱ्या जागेतून निघालेला आहे.

काम महिनाभर चालले. सुरुवातीला १५,००० रुपये उचल दिली आणि पुढे दर आठवड्याला १०,००० रुपयांप्रमाणे तीनदा खर्ची दिली, असे एकूण ४५,००० रुपये आजवर दिले आहेत. माझ्या समजुतीप्रमाणे ७,००० रुपये देणे उरले होते. परंतु मागच्या रविवारी ठेकेदाराने हिशेब मांडला तो ८३,६०० रुपयांचा, म्हणजे त्याच्या मते मी अजून ३८,६०० रुपये देणे लागतो. जादा दाखवलेल्या ३१,६०० रुपयांचा तपशील त्याने तोंडी सांगितला आणि मी तो लिहून घेतला.

पहिली रक्कम ८,४०० रुपयांची. जुन्या कोब्याखाली आणखी एक कोबा निघाला, तो फोडण्यासाठी बिगाऱ्यांच्या बारा हजेऱ्या लागल्या, हजेरी म्हणजे एका माणसाची एका दिवसाची मजुरी ७०० रुपये. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गच्चीला बारीक भेगा गेल्या होत्या आणि वडिलांनी पहिला कोबा न काढता त्याच्यावरच दुसरा घालून घेतला होता. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण काम ठरवताना ती बोलायची राहून गेली. दुसरा थर लागला तेव्हा ठेकेदाराने मला फोन करून विचारले आणि मी "काढा" असे म्हणालो. पैशांविषयी त्यानेही काही सांगितले नाही आणि मीही काही विचारले नाही.

दुसरी रक्कम राडारोडा खाली उतरवून ट्रॅक्टरमध्ये भरण्याची, सहा हजेऱ्या, ४,२०० रुपये. ट्रॅक्टरचे भाडे मी वेगळे दिलेले आहे.

तिसरी रक्कम गच्चीच्या कठड्याच्या गिलाव्याची, ३१२ चौरस फूट, २५ रुपयांनी ७,८०० रुपये. हे काम कागदावर नाही. मी फितीने मोजले तर कठड्याची आतली बाजू १०४ फूट लांब आणि अडीच फूट उंच, म्हणजे २६० चौरस फूट भरते. वरचे ५२ फूट कोठून आले ते कळत नाही. हे काम कोणी सांगितले, असे मी विचारले तेव्हा गवंड्याने शांतपणे घराकडे बोट दाखवले. चौकशी केल्यावर कळले की, चहा देताना आमच्या सौभाग्यवतींनी त्याला कानडीत "कठड्याचेही तेवढे बघून घ्या" असे सांगितले होते. त्यांचा अर्थ एवढाच होता की फुटलेल्या चार जागा बुजवाव्यात. गवंड्याने पुरा कठडा उकलून नवा केला. त्यासाठी मध्येच सिमेंटची जादा पोती मागितली गेली तेव्हा ती मीच आणून दिली, हेही खरे आहे.

चौथी रक्कम मात्र माझ्या पचनी पडत नाही. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, त्यामुळे माणसे सकाळी लवकर येत आणि बाराच्या सुमारास उन्हामुळे थांबत. त्या "मोडलेल्या" दिवसांपोटी गवंड्याच्या चार हजेऱ्या १,००० रुपयांनी आणि बिगाऱ्यांच्या सहा हजेऱ्या ७०० रुपयांनी, असे ८,२०० रुपये लावले आहेत. भर दुपारी कोणी गच्चीवर राबावे, अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. पण सोलापुरात मे महिना कसा असतो हे एप्रिलमध्ये दर सांगणाऱ्या ठेकेदाराला माहीत नसेल, असे म्हणता येणार नाही. पाचवी रक्कम बाहेरच्या भिंतीसाठी परांची (उंचावर काम करण्याचे बांबूंचे मचाण) बांधण्याची आणि सोडण्याची, ३,००० रुपये.

पक्की पावती मागितली असता "बिल हवे असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागेल" असे उत्तर मिळाले. कठडा आणि कोबा यांच्या सांध्यातील गोलाई अजून झालेली नाही, पाणी साठवून गळती तपासायची राहिली आहे, आणि पैसे मिळेपर्यंत काम बंद आहे. त्याहून वाईट म्हणजे, राडारोडा वाहणाऱ्या दोन बाया काल दारात येऊन, आमच्या शेवटच्या आठवड्याची मजुरी मिळालेली नाही, असे सांगून गेल्या. त्या विडी घरकुल वसाहतीतून येतात, तेलुगू बोलतात, आणि त्यांच्या घामाविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही.

केलेल्या कामाचे पैसे बुडवण्याची माझी इच्छा नाही. उक्ते ठरलेले काम हजेरीवर केव्हा गेले आणि ते कोणी ठरवले, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. यातील कोणती रक्कम देणे न्याय्य ठरेल? पैसे अडवून धरले तर उद्या कायद्याने माझ्यावरच काही येईल का? आणि त्या बायांना मी परस्पर मजुरी द्यावी का?

ओळंबा :

मी स्थापत्य अभियंता असून जुन्या घरांची दुरुस्ती हेच माझे रोजचे काम आहे. आपण कागद मांडून विचारले आहे, म्हणून कलमवार न जाता आधी मोठा घोळ सोडवतो.

उक्ते याचा अर्थ असा की, ठरलेल्या कामाला किती दिवस आणि किती माणसे लागतील याची जोखीम ठेकेदाराची. लवकर उरकले तर नफा त्याचा, रेंगाळले तर तोटाही त्याचाच. म्हणून उन्हाचे ८,२०० रुपये देणे लागत नाही. परांचीचेही तेच आहे : बाहेरच्या भिंतीच्या गिलाव्याचा ३० रुपये दर हा परांची धरूनच सांगितला जातो, ती वगळायची असेल तर तसे आधी बोलावे लागते. बांबूंचे भाडे आपण सामान म्हणून दिले असेल तर ते वेगळे.

दुसरा थर मात्र उक्त्यात येत नाही, कारण तो दिसत नव्हता, आणि तो दिसत नसल्याचे कारण आपणच सांगितले आहे. ६६० चौरस फुटांवर चार इंच जाडी धरली तर २२० घनफूट, म्हणजे २.२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) घट्ट माल होतो, आणि फोडल्यावर तो फुगून तीन ब्रासच्या आसपास जातो. वजनात हा ऐवज बारा टनांच्या घरात भरतो. छिन्नी-हातोड्याने आणि स्लॅबला धक्का न लावता एवढे काढायला बारा हजेऱ्या मला जास्त वाटत नाहीत. उलट, इतकी वर्षे त्या स्लॅबवर निष्कारण बसलेला बारा टनांचा भार उतरला, हे आपल्या घराच्या दृष्टीने फार चांगले झाले. राडारोड्याच्या ४,२०० रुपयांत मात्र दोन्ही थरांचा माल आहे आणि वरच्या थराची उतराई उक्त्यात धरलेली आहे, म्हणून निम्मे, २,१०० रुपये द्यावेत.

कठड्याच्या मापात ठेकेदार बरोबर आहे. कठड्याचा माथा सहा इंच रुंद असणार. १०४ फूट गुणिले अर्धा फूट म्हणजे ५२. आपण आतली बाजू मोजली, माथा मोजला नाही. माथ्याचा गिलावा केला नसता तर पाणी तेथूनच भिंतीत उतरले असते आणि नवा कोबा असूनही ओल तशीच राहिली असती. परांची लागत नसल्याने २५ रुपये दर भिंतीपेक्षा कमी लावला आहे, तेही योग्य आहे.

म्हणजे देय जादा रक्कम ८,४००, २,१०० आणि ७,८०० मिळून १८,३०० रुपये. ठरलेले ५२,००० धरून ७०,३०० रुपये होतात आणि ४५,००० वजा जाता २५,३०० रुपये उरतात. यातले २०,००० आता द्यावेत आणि ५,३०० रुपये गोलाई व पाण्याची चाचणी झाल्यावर द्यावेत. चाचणीआधी सगळे पैसे देऊ नका. मग फोन उचलला जात नाही, हा अनुभव फक्त आपल्या गावचा नाही.

कोर्टाची पायरी :

कायद्याच्या बाजूने थोडे. तोंडी करारही करारच असतो, त्यामुळे फोनवरच्या "काढा" या शब्दाला किंमत आहे. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी आपल्यासाठी कायदेशीरपणे काही केले आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. कठड्याचे काम आपल्या डोळ्यांदेखत झाले आणि आपण सिमेंट पुरवले, म्हणून तेथे "मी सांगितले नव्हते" हा बचाव टिकणे कठीण आहे. उन्हाच्या हजेऱ्यांना मात्र हे कलम लागू पडत नाही, कारण त्यात ठरलेल्या कामाहून वेगळे असे काही आपल्याला मिळालेले नाही.

वाजवी रक्कम लेखी कळवून देऊ केली आणि वादाची तेवढी राखून ठेवली, तर तो गुन्हा होत नाही; हा दिवाणी वाद आहे. ठेकेदाराला वसुलीचा दावा करता येईल, त्याची मुदत तीन वर्षांची. आपल्या बाजूने, काम अर्धवट सोडणे ही सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे. तरीही माझे प्रामाणिक मत असे आहे की, १३,३०० रुपयांच्या फरकासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावापूर्व लोकअदालतीत बसणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तेथे तडजोड झाली तर तो निवाडा दोघांवर बंधनकारक असतो आणि त्यावर अपील होत नाही.

जीएसटीची धमकी मनावर घेऊ नका. नोंदणी क्रमांक मागा. नोंदणी नसलेल्या माणसाला हा कर गोळा करता येत नाही, आणि पैसे मिळाल्याची साधी पावती द्यायला नोंदणी लागत नाही. रक्कम ५,००० रुपयांहून जास्त असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्यावी. त्याचे बांबू आणि अवजारे अंगणात असतील तर ती अडवून ठेवण्याचा मोह टाळा. तसे केलेत तर आपली स्वच्छ बाजू विनाकारण मळेल.

गवंड्याचा मुलगा :

माझे वडील चाळीस वर्षे गवंडीकाम करत होते, म्हणून दुसरी बाजू सांगतो. ठेकेदार आगाऊ बोलत नाही याचे कारण नेहमीच लबाडी नसते. जादा काम निघाले की मालकाचा चेहरा पडतो, काम थांबते, आणि आणलेली माणसे त्या दिवशी दुसरीकडे जातात. म्हणून "शेवटी बघू" म्हणत तो पुढे जातो आणि शेवटी सगळे एकदम मांडतो. उन्हाचे पैसे त्याने माणसांना खरोखर दिलेले असू शकतात. तरी ते आपण द्यावेत असे माझेही म्हणणे नाही.

बायांना परस्पर मजुरी देऊ नये. त्यांचा हिशेब ठेकेदाराकडे आहे; आपण दिलेली रक्कम तो आपल्या खात्यात धरणार नाही आणि पुढचे काम त्यांना मिळणार नाही. त्याऐवजी २०,००० रुपये देण्याच्या दिवशी त्यांना बोलावून घ्या, त्यांच्यासमोर ठेकेदाराच्या हातात पैसे ठेवा, आणि शेवटच्या आठवड्याच्या हजेऱ्या तेथेच वाटायला सांगा. चारचौघांत हे सहसा नाकारले जात नाही.

धागाकर्ता :

तिघांचेही मनापासून आभार. माथा मोजायचा राहिला, याची थोडी लाज वाटली. आज पुन्हा फीत लावली तेव्हा बरोबर सहा इंच भरला. ओळंबा यांची आकडेमोड मी एका कागदावर उतरवून ठेकेदाराला वाचून दाखवली. उन्हाच्या रकमेवरून त्याने बराच वेळ वाद घातला, परांचीवर फारसा बोलला नाही, आणि रविवारी सकाळी बायांना घेऊन येतो असे सांगून गेला. तो येईल असे धरून चालतो.

एक प्रश्न उरतो. पाण्याच्या चाचणीसाठी सरासरी दोन इंच पाणी धरले तरी ६६० चौरस फुटांवर तीन हजार लिटरच्या वर पाणी लागते. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि कोब्याला रोज पाणी मारण्यातच आमची टाकी रिकामी होत आहे. ठेकेदार म्हणतो, टँकर मालकाचा. हे बरोबर आहे का?

ओळंबा :

सामान मालकाचे ठरले असेल तर पाणीही मालकाचेच, येथे त्याच्याशी वाद घालू नका. पण टँकर लागणार नाही. गोलाई झाल्यावर तिला सात दिवस ओले राहू द्या, आणि मग गच्चीच्या मधोमध मातीचा वीतभर उंच बांध घालून आधी पन्हाळीकडचा अर्धा भाग भरा. पन्हाळीचे तोंड गोणपाट आणि मातीने बंद करा. पंधराशे-सोळाशे लिटर पाणी पुरेल. ४८ तास ठेवून खालच्या खोल्यांचे छत रोज सकाळी हाताने चाचपून पाहा, आणि मग तेच पाणी बादल्यांनी किंवा छोट्या पंपाने दुसऱ्या अर्ध्यात ओढा. उन्हाने उडेल तेवढी भर नळाच्या दिवशी घाला. दुसऱ्या भागाची तपासणी संपण्याआधी ५,३०० रुपये हातावेगळे करू नका.